एक बटण कमी

चार भोकांचं, तपकिरी, कडेला टवका उडालेलं बटण. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ते फिरत होतं, गुळगुळीत, तिच्या हाताइतकंच कोमट, आणि शंभरावं पाऊल पडलं तसं तिनं ते जाकिटाच्या उजव्या खिशात सोडून दिलं. एक झालं. डाव्या खिशात अजून चव्वेचाळीस होती, तपकिरी, काळी, पांढरी, दोन पितळी, एक शिंपल्याचं. उजव्या खिशात हे एकटंच. शंभर पावलं, एक बटण. आकडा तोंडात धरला की कुणीतरी येऊन बोलतं आणि आकडा सांडतो, म्हणून मोजणी खिशात ठेवावी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकतीस वर्षं मोजणीखात्यात लोकांच्या जमिनी मोजताना, उन्हात उभं राहून त्यांची भांडणं ऐकताना ते आपसूक आलं होतं. तेव्हा खिशात खडे असायचे. बटणं नंतरची, नवऱ्याच्या डब्यातली. तो शिंपी. "मी माणसं मोजतो, तू माती मोज," म्हणायचा, "गिऱ्हाईक दोघांचंही कुरकुरतंच." तो गेल्याला सहा वर्षं झाली. दुकान गेलं, मशीन गेलं, मोठी कात्री सुनेनं मागून नेली. बटणांचा डबा मात्र तिनं कुणाला दिला नाही.

दोन. हेही तपकिरी.

फाटकाजवळच्या पाटीवर लिहिलं होतं: सोपी फेरी. अंतर २.६ किलोमीटर. चढ किरकोळ. लहान मुले व ज्येष्ठ नागरिकांसाठी योग्य. शहराच्या मधोमध उरलेली ही एवढीशी टेकडी, पायथ्याला तळं, वर निलगिरी आणि बांबू, आणि गोल फिरवून परत त्याच फाटकाशी आणून सोडणारी पायवाट. पाच वर्षं ती इथं येत होती आणि पाच वर्षं ही पाटी वाचून तिचं डोकं फिरत होतं. दोन पूर्णांक सहा कुणी मोजलं? तिचं पाऊल आता बासष्ट सेंटिमीटर पडतं, पूर्वी पंचाहत्तर पडायचं, ते असो. फेरीला लागतात एक्केचाळीस बटणं आणि वर वीस-तीस पावलं. चाळीसएक मीटर यांनी चक्क हवेतून आणले. आणि 'ज्येष्ठ नागरिकांसाठी योग्य' म्हणजे काय? औषधाच्या बाटलीवर लिहितात, तसं? पण आज पाटीशी भांडायला वेळ नव्हता.

आज फाटकाजवळच्या बाकावर तिचा मुलगा बसला होता, मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवून. सव्वा तास. सव्वा तासात ती एकटी, कुणाला न विचारता, फोन न करता फेरी पुरी करून आली, तर तिच्या घराची दुसरी किल्ली तो परत देणार आणि 'आई, तू आमच्याकडे ये' हा विषय कायमचा मिटणार. नाही आली, तर पुढच्या महिन्यात घराला कुलूप, आणि तिनं त्याच्याकडच्या मागच्या खोलीत राहायला जायचं. छान उजेड येतो म्हणे त्या खोलीत. उजेड बसथांब्यावरही येतो. ती किल्ली त्यानं तीन महिन्यांपूर्वी 'राहू दे माझ्याकडे' म्हणून खिशात घातली, आणि तेव्हापासून तो घंटी न वाजवता आत यायला लागला. यायचा, फ्रिज उघडून बघायचा, गॅसची बटणं बघायचा, आणि तिची पाठ वळली की गोळ्यांची पाकिटं उचलून मोजायचा. पाठ वळलेली असली म्हणून काय झालं, पाकिटाचा आवाज तिला कळत नाही थोडाच.

मुलगा दातांचा डॉक्टर. दुखणार असलं की तो पेशंटला सांगतो, "जरासा दाब जाणवेल." मागच्या आठवड्यात चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "आई, मी काय म्हणतो..." आणि तिला कळलं, हाच तो आवाज. आता हा खुर्ची मागे झुकवणार. तेव्हा तिनंच तोंड उघडलं — घे परीक्षा. लाव घड्याळ. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. "आई, तुम्ही परीक्षा देऊ नका," ती म्हणाली. "जिंकलात तरी परीक्षा दिलीत असंच होणार. उद्या ते दुसरी काढतील." सुनेचं बरोबर होतं, पण त्या क्षणी तिला बरोबर असणारं कुणी नको होतं. तिला जिंकायचं होतं.

सहा. सात. तळ्याचा काठ आला, तिथली ती बदकं आली, जी माणूस दिसला की खायला मिळणार म्हणून धावत येतात आणि रिकामे हात दिसले की शिव्या घातल्यासारखी परत फिरतात. सकाळचं ऊन अजून पाण्यावर पोचलं नव्हतं. गुडघा ठीक होता. श्वास ठीक होता. सगळं ठीक होतं, आणि ठीक आहे की नाही हे दर दहा पावलांनी तपासून बघणं एवढंच काय ते ठीक नव्हतं... एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट.

निघताना फाटकावर पहारेकरी भेटला होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कानावरून मफलर घेतलेला. तीन महिन्यांपूर्वी त्यानंच तिला शोधून काढलं होतं, बाग बंद करायच्या वेळी, तिठ्यापलीकडच्या दगडावर बसलेली.

"बाई, आज लवकर?"

"आज परीक्षा आहे माझी," ती मुलाकडे बोट करून म्हणाली. "पर्यवेक्षक बसलेत बघा."

तो हसला नाही. म्हणाला, "तिठ्यावरचा बाण घट्ट आहे हं बाई. मी रोज सकाळी जाऊन हलवून बघतो."

"छान करता," ती म्हणाली आणि चालू लागली. छान करता! शाळेतल्या बाईंनी मुलाला म्हणावं तसं. आणि मनात बरं वाटलं होतं, हेही खरं. बघा, एका पत्रानं कशी कामाला लागतात माणसं.

कारण तिनं पत्र लिहिलं होतं. त्या दिवसानंतर चौथ्या दिवशी, बागेच्या कार्यालयाला, रीतसर, विषय आणि संदर्भ घालून. तिठ्यावरचा दिशादर्शक बाण खांबापासून निखळून जमिनीवर पडलेला होता, त्यामुळे उजवीकडे वळायचं की डावीकडे हे कळण्यास मार्ग नव्हता, सबब माझ्यासारख्या रोजच्या फिरणाऱ्या व्यक्तीसही थांबून राहावे लागले; संबंधितांकडून खुलासा घ्यावा. खाली सही, सहीखाली 'निवृत्त भूमापक'. कार्यालयाचं दिलगिरीचं उत्तर आलं. ते तिनं मुलाच्या समोर टेबलावर ठेवलं. त्यानं वाचलं, घडी घातली, म्हणाला, "बरं." त्या 'बरं'वर तिचा आजही राग होता. मी हरवले नव्हते. मी बसले होते. बाण पडला होता, वाट कळेना, शहाणं माणूस अशा वेळी भलतीकडे भटकत नाही, एका जागी बसतं, म्हणून मी बसले. यात न कळण्यासारखं काय आहे?

तेरा... चौदावं बटण हातात असताना समोरून एक पळणारा आला. तिशीचा, कानात काहीतरी खुपसलेला, घामानं निथळत. तिच्याजवळ येऊन त्यानं वेग कमी केला, कानातलं एक बोंड काढलं आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "आजी, पुढे निसरडं आहे. कुणी आहे ना सोबत?"

"आहेत की," ती म्हणाली. "पंचेचाळीस जण आहेत."

त्यानं मागे बघितलं. वाट रिकामी. त्याच्या चेहऱ्यावर ती ओळखीची काळजी आली, मुलाच्या चेहऱ्यावर येते तीच, आणि तो आणखी काही विचारणार तेवढ्यात तिनं त्याला सांगितलं की बाबा रे, टाच आपटून पळतोयस, चाळिशीत गुडघे जातील, तेव्हा ये माझ्याकडे, मी तुझ्या सोबत चालेन. तो ओशाळून हसला, कानात बोंड घालून निघून गेला. अशी खुशीत ती पुढची वीसएक पावलं चालली. आजी म्हणे. ह्याची आजी व्हायला मला काय धाड भरली होती? आणि मग हात खिशात गेला. बटण हातात नव्हतं. म्हणजे शंभर भरले आणि तेरावं टाकलं, चौदावं आता काढायचं. टाकलंच असणार. उजव्याच खिशात, दुसरीकडे कुठं टाकणार? तिनं ते मोजून बघितलं नाही. वाटेत थांबून खिसे उपसत बसणारी बाई लांबून कशी दिसते हे तिला नेमकं ठाऊक होतं.

पुढे चढ लागला, तो 'किरकोळ'. पाटी लिहिणारा वयानं लहान असणार किंवा इथं कधी आलाच नसणार. बांबूच्या सावलीत पायऱ्या काढलेल्या होत्या, मातीच्या, पुढे लाकडाची फळी ठोकलेल्या, आणि त्या चढताना पावलाचं माप बदलतं, म्हणून इथं तिचं गणित वेगळं चालायचं: दोन पायऱ्या म्हणजे एक पाऊल. खात्यात नवीन असताना मोठ्या साहेबांनी तिला पहिल्यांदा टेकडीवर पाठवलं होतं, उंची मोजायला. एका ठरलेल्या दगडापासून निघायचं, टेकडीला वळसा घालत टप्प्याटप्प्यानं उंची घेत जायचं आणि फिरून त्याच दगडाशी यायचं. फेरी बंद करायची, असं म्हणत. दगड तोच, म्हणजे उंचीही तीच यायला हवी. पण येत नाही. काही ना काही फरक पडतोच — काठी किंचित कलते, ऊन तापतं, डोळा चुकतो — आणि तो फरक लपवायचा नसतो. तो वहीत लिहायचा, मग सगळ्या टप्प्यांवर थोडा थोडा वाटून टाकायचा. चोवीस वर्षांची होती ती. पहिल्याच फेरीत तिनं फरक शून्य आणला आणि वही साहेबांच्या टेबलावर ठेवून, शाबासकी घ्यायला, उभी राहिली.

साहेबांनी वही बघितली, मिटली आणि तिच्याकडे सरकवली. "बाई, शून्य कुणाचं येतं माहीत आहे? घरी बसून आकडे लिहिणाऱ्याचं."

कानशिलं तापली होती तिची. कारण तिनं तेच केलं होतं. अकरा मिलिमीटरचा फरक आला होता आणि रात्रीतून तिनं तो एका टप्प्यात जिरवला होता. दुसऱ्या दिवशी ती परत टेकडीवर गेली आणि फेरी पहिल्यापासून घेतली. नऊ आला. नऊ लिहिला. त्यानंतरच्या एकतीस वर्षांत एकदाही शून्य लिहिलं नाही. हे ती लोकांना सांगायची, नव्या पोरांना तर हमखास सांगायची, आपण किती खऱ्या आहोत ते ठसवायला.

वीस. एकवीस. चढ संपला, तिनं बाकाकडे बघितलं आणि बसली नाही. बसायची इच्छा होती, बसली नाही. एकोणचाळीस मिनिटं झाली होती. सव्वीस बटणं आणि साठ पावलं झाली आणि तिठा समोर आला.

ती थबकली. तिठा सत्तावीस बटणं साठ पावलांवर असतो. नेहमी. पाच-दहा पावलांचा फरक पडतो, शंभरांचा पडत नाही. मग तिच्या मनानं लगेच, कुणी न विचारता, उत्तर काढून ठेवलं: आज पाऊल लांब पडतंय. जोरात आहोत ना आज. व्वा. एकाहत्तराव्या वर्षी पावलाची लांबी वाढली, हे तर वर्तमानपत्रात द्यायला हवं... ती स्वतःशीच हसली, पण त्या हसण्यात जोर नव्हता, आणि हात खिशाकडे जात होता तो तिनं मागे घेतला.

तिठ्यावर खांब होता. खांबावर बाण. पिवळा, लोखंडी पत्र्याचा, हातभर लांब, उजवीकडे तोंड केलेला, त्यावर 'फेरी' एवढंच लिहिलेलं. डावीकडची वाट पाण्याच्या टाकीकडे जाते आणि तिथंच संपते. तिला सगळं स्वच्छ आठवत होतं, कुठं काही अडलं नाही, उजवीकडे वळायचं आणि उतरायचं, बाकी काय आहे त्यात. घड्याळ चालू होतं. मुलगा बसला होता. जायचं.

ती गेली नाही. ती बाणाकडे बघत राहिली, कारण बघणं हा तिचा धंदा होता. हद्दीचे दगड लोक हलवतात. सगळीकडे हलवतात, चांगली घरंदाज माणसंही हलवतात, हातभर इकडे, वीतभर तिकडे, आणि सकाळी शपथा घेतात की दगड आजोबांच्या वेळेपासून इथंच आहे. मग मोजणीवाल्या बाईंना बोलावतात. ती शपथा ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि मग वाकून दगडाच्या बुडाकडे बघायची. बुडाशी माती घट्ट आहे की भुसभुशीत, शेवाळाची रेघ जमिनीला समांतर आहे की तिरपी. दगड खोटं बोलत नाही. हा हललाय, हा नाही. एकदाही तिचं चुकलं नव्हतं.

बाणाला दोन खिळे होते. दोन्ही खिळ्यांच्या माथ्यांवर पिवळा रंग होता, बाणाला दिला त्याच हाताचा, एकसंध, उन्हानं तडकलेला. तडे खिळ्यावरून पत्र्यावर अखंड गेले होते. पत्रा आणि लाकूड यांच्या सांध्यात शेवाळ साचून वाळलेलं होतं, कित्येक वर्षांचं. खालच्या कडेला कुठल्याशा किड्यानं मातीचं घर बांधलं होतं आणि तेही जुनं, रिकामं, जागेवर.

हा बाण कधीच पडला नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी नाही, आणि त्याच्या आधीही नाही. पहाऱ्याच्या माणसानं त्याला कधी परत ठोकलाही नव्हता. ठोकायला तो निखळायला तर हवा. मग तिला दिसला होता तो? गवतात पालथा पडलेला, टोक टाकीकडे... इतका स्पष्ट दिसत होता, आत्ताही दिसत होता, डोळे मिटले तर त्यावरची मुंगीसुद्धा दिसेल. घरी बसून लिहिलेले आकडे असेच स्वच्छ असतात. खाडाखोड नसते त्यांच्यात.

तिनं खांबाला हात टेकला. मग जे तीन महिने दाबून ठेवलं होतं ते वर आलं, आणि येताना त्यानं काही आवाजही केला नाही. त्या दिवशी ती इथं आली होती, इथंच, या खांबापाशी, हातात एक काळं बटण घेऊन. आणि जागा नवी झाली. बाण होता, वाटा होत्या, झाडं होती, सगळं होतं. पण ती इथं कधी आली आहे असं त्यातलं काहीच म्हणत नव्हतं. ते एकवेळ चाललं असतं. वाट चुकते माणसाची. पण तिनं हातातल्या बटणाकडे बघितलं आणि तिला कळेना, हे काय आहे. म्हणजे बटण आहे हे कळत होतं. ते हातात कशाला आहे हे कळत नव्हतं. कुणाच्या कपड्याचं तुटलं? कुणाला द्यायचं आहे? मी कुणाकडे निघाले आहे? ती पलीकडच्या दगडावर जाऊन बसली आणि ते बटण मुठीत धरून कुणीतरी ते मागायला येईल म्हणून वाट बघत राहिली. भीती वाटली का? वाटली. जन्मात वाटली नव्हती इतकी वाटली. किती वेळ, ते सांगता येत नाही. आणि मग कधीतरी हळूच सगळं आपापल्या जागी येऊन बसलं, नवरा, डबा, खिसा, शंभर पावलं, पण तोवर बाग बंद व्हायची वेळ झाली होती आणि तिचे पाय उठत नव्हते. पहारेकरी आला. त्यानं काही विचारलं नाही. "चला बाई," म्हणाला, आणि हात पुढे केला.

त्याच माणसाकडून खुलासा मागवला तिनं. सही करून. खाली 'निवृत्त भूमापक' लिहून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि त्यानं काय केलं असेल? म्हणाला असेल, साहेब, पडला असेल, लावला मी परत. वरच्या माणसाशी आणि म्हाताऱ्या बाईशी कोण वाद घालतो. आणि त्या दिवसापासून रोज सकाळी हा माणूस टेकडी चढून इथं येतो आणि कधीच न हललेला बाण हलवून बघतो. तिला लाज वाटली. चोविसाव्या वर्षी तापली होती तशी तिची कानशिलं तापली.

मग ती उजवीकडे वळली आणि उतरायला लागली, जरा जोरातच. उतारावर पाय आपोआप पडतात, आणि डोकंही घसरणीला लागतं. कुणाला ठाऊक आहे? कुणालाच नाही. खिळ्यावरचा रंग वाचणारी माणसं या शहरात किती असतील? ती वेळेत पोचणार होती. मुलगा किल्ली देणार होता. तो शब्दाचा पक्का आहे, बापावर गेलाय. किल्ली मिळाली की घर तिचं: सकाळची खिडकी तिची, रेडिओ तिचा, मध्यरात्री उठून पाणी पिताना दिवा न लावता चालायची ती आठ पावलं तिची, आणि घंटी वाजल्याशिवाय कुणी आत येणार नाही. एवढंसं गिळायचं, एक बाण. खरं सांगितलं तर काय होईल हेही तिला दिसत होतं. तो रागावणारसुद्धा नाही. तो मऊ होईल. तो आवाज मऊ होईल, खुर्ची मागे झुकेल, जरासा दाब जाणवेल. आणि मागच्या खोलीत छान उजेड येईल.

छत्तीस... सदतीस. पण मग हे बटण बदलून मी काय करतेय? सगळं लपवायचंच असेल तर मोजायचं कशाला?

ती थांबली. वाटेच्या अगदी मधोमध, जी बाई लांबून कशी दिसते हे तिला माहीत होतं तीच बाई होऊन, तिनं उजवा खिसा ओंजळीत उपसला आणि मोजला. सदतीस. मग डावा. आठ. उजव्या खिशात तेरानंतर कुठलं पडलं ते आता कळायला मार्ग नव्हता, पण त्या आठांत एक तपकिरी होतं, आणि तपकिरी तर ती सगळी चढाच्या आधी संपली होती. चार भोकांची, बोटांना कळणारी ती एवढीच, म्हणून सवयीनं ती त्यांनाच आधी हात घालते. म्हणजे चौदावं त्या पळणाऱ्याशी बोलता बोलता परत डावीकडे गेलं होतं. पाऊल काही लांब पडत नव्हतं. एक बटण कमी. शंभर पावलं तिनं चालून टाकली होती आणि त्यांचा हिशेब तिच्याकडे नव्हता.

गंमत अशी की तिला हायसं वाटलं. भीती होतीच, ती कुठं जात नाही, पण तिच्या शेजारी हे दुसरंही येऊन बसलं. शून्य आलं असतं तर तिनंच आज विश्वास ठेवला नसता. फरक येणारच. या वर्षी एक बटण, पुढच्या वर्षी कदाचित तीन, आणि कधीतरी असा दिवस येईल की खिसाच कळणार नाही. तो येईल तेव्हा येईल, आणि येण्याआधी तो मला तुझ्या घड्याळात दिसायचा नाही, बाळा, तो माझ्या वहीत दिसेल, मी लिहीत राहिले तर. फरक निघाला म्हणून टेकडी कुणी उचलून दुसऱ्याच्या परड्यात नेऊन ठेवत नाही. तिनं बटणं जिथल्या तिथं टाकली. चौदावं ओळखून तेवढं उजवीकडे टाकता आलं असतं. नाही टाकलं.

फाटक दिसलं. मुलगा उभा राहिला होता, हात कमरेवर. तिला बघून त्याचे खांदे सैल पडले ते तिला लांबूनही दिसलं, आणि त्या खांद्यांसाठी क्षणभर तिचा जीव तुटला. हा लहान असताना ती मोजणीवरून उशिरा यायची तेव्हा असाच दाराशी उभा असायचा. पहारेकरी पाटीपाशी झाडलोट करत होता. शेवटचं पाऊल तिनं पाटीच्या खांबाला टेकवलं. चाळीस बटणं आणि पंचवीस पावलं.

"एक तास आठ मिनिटं," मुलगा म्हणाला. हसत होता, मनापासून हसत होता. "जिंकलीस गं." त्यानं खिशातून किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली. "तुम्हीही या इकडे," पहारेकऱ्याला म्हणाली, आणि तो झाडू तसाच धरून दोन पावलं पुढे आला.

"तो बाण पडला नव्हता. कधीच पडला नव्हता, आणि यांना ते ठाऊक होतं. मी पत्रात खोटं लिहिलं. लिहिलं तेव्हा मलाही खरंच वाटत होतं, पण खोटं ते खोटं. उद्या दुसरं पत्र लिहिते कार्यालयाला."

"जाऊ द्या बाई," पहारेकरी खाली बघत म्हणाला.

"नाही जाऊ देत. उद्यापासून सकाळी तो बाण हलवायला जायचं नाही तुम्ही." मग ती मुलाकडे वळली. त्याचा हात अजून पुढेच होता, पण बोटं किल्लीवर किंचित मिटली होती. "मी त्या दिवशी हरवले होते. अर्धा तास असेल, जास्तही असेल. हातात बटण होतं आणि ते कशाला आहे ते कळेना. आणि आजसुद्धा एक बटण कमी आहे."

"आई..." तो म्हणाला. तोच आवाज.

"दाब-बिब काही सांगू नकोस मला. डॉक्टरकडे चल म्हणालास तर येते. रोज फेरी किती बटणांची झाली ते तुला कळवते, चुकली तर चुकली म्हणून कळवते. तुझ्यापासून फरक लपवायची नाही मी यापुढे. पण राहणार माझ्या घरात. परीक्षा जिंकले म्हणून नाही."

त्यानं गुडघ्यावरून घड्याळ उचललं होतं ते दुसऱ्या हातात तसंच होतं, आणि तो एकदा त्याच्याकडे बघत होता, एकदा तिच्याकडे. आणि त्याचे डोळे भरले होते की ऊन डोळ्यांवर आलं होतं ते तिला ठरवता येईना. तिनं ठरवायचा प्रयत्न सोडून दिला. किल्ली त्याच्या मिटत्या बोटांत अर्धी दिसत होती. ती हिसकावून घेणं सोपं होतं आणि मान खाली घालणं त्याहून सोपं होतं. तिनं दोन्ही केलं नाही. डावा हात खिशात घातला, त्या उरलेल्या बटणांत बोटांनी चाचपून ते तपकिरी नेमकं शोधून काढलं, मुठीत धरलं — हे कशाला आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं — आणि उजवा हात त्याच्यासमोर उघडा धरून ती उभी राहिली.